हवेत फुकट, केबलवर विकत: अमेरिकेतील स्थानिक टीव्ही केंद्रांचा व्यवहार

अमेरिकेत केबलचे बिल भरणाऱ्याला त्या बिलात ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ नावाची एक वेगळी रक्कम दिसते. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीने २०१४ मध्ये ती बिलात आणली तेव्हा ती महिन्याला दीड डॉलर होती. आज अनेक शहरांत ती २० डॉलरच्या पुढे गेली आहे. ज्या स्थानिक टीव्ही केंद्रांपोटी ही रक्कम घेतली जाते, त्यांचे कार्यक्रम छतावर किंवा खिडकीत अँटेना लावला तर एक पैसाही न देता दिसतात. जे हवेतून फुकट मिळते त्याचे तारेतून आल्यावर पैसे का पडावेत आणि ते पैसे शेवटी कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पडतो, कारण आपल्याकडच्या केबलच्या अनुभवावरून त्याचे उत्तर मिळत नाही.

याचे कारण दोन्ही देशांतील दूरचित्रवाणीच्या रचनेत आहे. भारतात जमिनीवरील मनोऱ्यांवरून प्रक्षेपण करण्याचा अधिकार फक्त दूरदर्शनकडे राहिला आणि खासगी वाहिन्या सुरुवातीपासून उपग्रहावरून आल्या, त्यामुळे कोल्हापूर आणि नागपूर येथे दिसणारी मराठी वाहिनी एकच असते. अमेरिकेतील एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स ही मात्र या अर्थाने वाहिन्या नव्हेत, ती जाळी (नेटवर्क) आहेत. प्रत्येक शहरात त्या जाळ्याचे एक स्वतंत्र केंद्र असते, त्याला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसी या सरकारी नियामक संस्थेकडून स्वतंत्र परवाना मिळालेला असतो आणि त्याचा मालकही बहुधा वेगळाच असतो. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो अशा मोठ्या शहरांतील केंद्रे बरीचशी जाळ्यांच्या स्वतःच्या मालकीची आहेत. इतरत्र ती नेक्सस्टार, सिंक्लेअर, ग्रे अशा कंपन्यांकडे आहेत. सकाळच्या आणि संध्याकाळच्या स्थानिक बातम्या, हवामान, वादळाचा इशारा, गावातील निवडणूक आणि गावातीलच दुकानांच्या जाहिराती हे केंद्राचे स्वतःचे काम, तर रात्रीच्या मालिका आणि मोठे सामने हे जाळ्याकडून आलेले. जाळ्याशी झालेल्या कराराने केंद्राला आपल्या प्रदेशापुरता एकाधिकार मिळतो. या प्रदेशाच्या एकाधिकारावरच पुढचा सगळा व्यवहार उभा असल्यामुळे तो आधी नीट समजून घ्यायला हवा.

हे प्रदेश नील्सन ही प्रेक्षकसंख्या मोजणारी खासगी कंपनी आखते. तिने अमेरिकेचे २१० टीव्ही बाजार पाडले आहेत. पहिल्या क्रमांकावर न्यूयॉर्क आहे आणि अगदी शेवटी मोंटाना राज्यातील ग्लेनडाइव्ह. सर्वसाधारणपणे एक काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) एका बाजारात मोडते, आणि या रेषेचा परिणाम पाहायचा असेल तर मध्य न्यू जर्सीसारखी दुसरी जागा नाही. प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसर ही एकमेकांना लागून असलेली दोन गावे आहेत आणि दोन्हींत भारतीयांची वस्ती मोठी आहे. परंतु प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत असल्यामुळे न्यूयॉर्कच्या बाजारात पडते, तर वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत असल्यामुळे फिलाडेल्फियाच्या. त्यामुळे डिश लावणाऱ्या दोन शेजारी कुटुंबांपैकी एकाला न्यूयॉर्कच्या बातम्या आणि जायंट्स या फुटबॉल संघाचे सामने मिळतात, तर हाकेच्या अंतरावरील दुसऱ्याला फिलाडेल्फियाच्या बातम्या आणि ईगल्सचे सामने. ज्या केंद्रांना शेजारच्या बाजारातही मोठा प्रेक्षक आहे त्यांच्यासाठी नियमांत अपवाद आहेत आणि केबल कंपन्या सीमेवरच्या गावांत पुष्कळदा दोन्हीकडची केंद्रे दाखवतात. डिशच्या बाबतीत ही रेषा अधिक कडक ठरते.

केबलचा जन्म मात्र केंद्रांशी भांडण्यातून झालेला नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ गावांत शहरातील मनोऱ्याचा सिग्नल पोहोचत नसे, म्हणून कोणीतरी टेकडीवर उंच अँटेना उभारून तेथून घरोघरी तार ओढली आणि महिन्याला वर्गणी घ्यायला सुरुवात केली. केंद्रांनाही ते हवेच होते, कारण आयते प्रेक्षक वाढत होते. पुढे केबल कंपन्या दूरच्या शहरांतील केंद्रेही आणून दाखवू लागल्या, तेव्हा स्थानिक केंद्रांचे प्रेक्षक फुटू लागले आणि वाद सुरू झाला. कार्यक्रमांच्या मालकांनी कॉपीराइटचा दावा लावला, पण १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केबल कंपनी केवळ प्रेक्षकाच्या अँटेनाचे काम करते, ती कार्यक्रमाचे सादरीकरण करत नाही, असे ठरवले. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याने ही भूमिका बदलली. केबलने दाखवलेला कार्यक्रमही कॉपीराइटखाली येतो असे त्याने मान्य केले, परंतु प्रत्येक मालिकेच्या निर्मात्याची वेगळी परवानगी घेणे अशक्य असल्यामुळे केबलला सक्तीचा परवाना दिला. ठरलेल्या सूत्राप्रमाणे सरकारकडे रक्कम भरायची आणि कार्यक्रम दाखवायचे, अशी ही सोय आहे, आणि तिचा खरा भार स्थानिक केंद्रांवर नसून दूरवरून आणलेल्या केंद्रांवर पडतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्यावरून फार गोंधळ होतो. कार्यक्रमावरचा कॉपीराइट हा एक हक्क झाला. केंद्राच्या सिग्नलवरचा हक्क हा त्याहून अगदी वेगळा आणि कॉपीराइट कायद्याच्या बाहेरचा आहे. बिलातील वाढती रक्कम या दुसऱ्या हक्कातून येते आणि तो १९९२ च्या केबल कायद्याने निर्माण केला.

त्या कायद्याआधी परिस्थिती अशी होती. स्थानिक केंद्रे दाखवलीच पाहिजेत, असा एफसीसीचा जुना नियम अपील न्यायालयाने १९८५ मध्ये आणि सुधारित स्वरूपात पुन्हा १९८७ मध्ये रद्द केला होता. देशातील साठ टक्क्यांच्या आसपास टीव्ही घरांत तोवर केबल पोहोचली होती आणि बहुतेक गावांत केबल कंपनी एकच होती. तिने एखादे केंद्र काढून टाकले तर निम्म्याहून अधिक घरांतून ते नाहीसे होणार, कारण केबल आल्यावर लोकांनी छतावरचे अँटेने उतरवून टाकले होते. शिवाय ही कंपनी जाहिरातींसाठी त्याच केंद्रांशी स्पर्धाही करत होती. संसदेने या दुबळ्या बाजूला हात देण्यासाठी कायदा केला, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि संसदेने तो नकार मोडून काढला. त्यांच्या कारकिर्दीत असे एकदाच घडले.

या कायद्याने प्रत्येक व्यापारी केंद्राला दर तीन वर्षांनी दोहोंपैकी एक मार्ग निवडायला सांगितले. पहिला मार्ग सक्तीचा, ज्याला तिथे ‘मस्ट कॅरी’ म्हणतात: केंद्राने मागणी केली की त्याच्या बाजारातील केबल कंपनीने ते दाखवलेच पाहिजे, मात्र त्याबद्दल केंद्राला काही मिळणार नाही. दुसरा मार्ग संमतीचा: केंद्राच्या लेखी संमतीशिवाय केबलने त्याचा सिग्नल घ्यायचा नाही आणि संमती देताना केंद्राने हवी ती किंमत मागावी. दोन्ही एकदम मिळत नाहीत. संमतीचा मार्ग धरणाऱ्या केंद्राला किंमत जुळली नाही तर केबलवरून बाहेर राहण्याची तयारी ठेवावी लागते. मोठ्या केबल यंत्रणेवर सक्तीच्या व्यापारी केंद्रांसाठी एकूण क्षमतेच्या एक तृतीयांशापर्यंत जागा देण्याचे बंधन आहे. पीबीएससारख्या सार्वजनिक, बिगरव्यापारी केंद्रांना फक्त सक्तीचा हक्क आहे, किंमत मागण्याचा नाही. सध्याचे तीन वर्षांचे चक्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतचे आहे, आणि केंद्राने काहीच कळवले नाही तर केबलच्या बाबतीत सक्ती निवडली असे धरले जाते, डिशच्या बाबतीत संमती.

कोण काय निवडतो हे ओळखणे सोपे आहे. ज्या केंद्राकडे फुटबॉलचे सामने आणि लोकप्रिय बातम्या आहेत ते संमतीचा मार्ग धरून पैसे मागते, कारण त्याच्यावाचून केबलचे ग्राहक तुटतील हे दोघांनाही ठाऊक असते. धार्मिक प्रवचने, घरबसल्या खरेदी किंवा अल्पसंख्याक भाषेतील कार्यक्रम दाखवणारे छोटे केंद्र सक्ती मागते, कारण त्याला पैशांपेक्षा घरात पोहोचणे महत्त्वाचे. केबल कंपन्यांनी सक्तीला न्यायालयात आव्हान दिले. आमच्या तारेवर काय असावे हे सरकारने सांगणे म्हणजे आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘टर्नर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी सक्ती कायम ठेवली. केबल न घेणाऱ्या, बहुतांशी कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फुकट प्रसारण जिवंत राहावे हे राष्ट्रहिताचे आहे, हा त्या निकालाचा गाभा होता आणि मला तो आजही पटतो.

संमतीच्या मार्गाचा इतिहास मात्र त्या हेतूपासून पुष्कळ दूर गेला. १९९३ मध्ये पहिली बोलणी झाली तेव्हा मोठ्या केबल कंपन्यांनी रोख पैसे द्यायला साफ नकार दिला. मग जाळ्यांनी दुसरे काही मागितले: आमची केंद्रे फुकट घ्या, पण आमच्या नव्या केबल वाहिनीला जागा आणि वर्गणीचा वाटा द्या. ईएसपीएन-२ आणि एफएक्स या वाहिन्यांना अशा रीतीने घरोघरी प्रवेश मिळाला. सीबीएस रोख रकमेसाठी अडून बसली आणि तिला त्या फेरीत काहीच मिळाले नाही. रोखीचा बांध फुटला तो २००५ मध्ये, जेव्हा नेक्सस्टारने छोट्या शहरांतील आपली केंद्रे केबलवरून महिनोन्‌महिने बाहेर ठेवली आणि पैसे घेतल्याशिवाय परत दिली नाहीत. तोवर डिशच्या रूपाने केबलला प्रतिस्पर्धी आला होता, आणि एका कंपनीवर केंद्र दिसत नसेल तर ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत होता. ज्या स्पर्धेने ग्राहकाचे बिल कमी व्हावे तिनेच केंद्रांची सौदाशक्ती वाढवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पैसे येऊ लागल्यावर जाळ्यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. पूर्वी जाळी आपले कार्यक्रम दाखवल्याबद्दल केंद्रांना मोबदला देत असत. आता प्रवाह उलटला आणि केंद्रे केबलकडून मिळालेल्या रकमेचा मोठा हिस्सा जाळ्यांना देऊ लागली. तेथून तो पैसा बऱ्याच अंशी सामन्यांच्या हक्कांसाठी क्रीडा संघटनांकडे जातो. म्हणजे वादळाचा इशारा देणाऱ्या स्थानिक वृत्तकक्षाच्या नावाने वसूल होणाऱ्या रकमेतील बराच भाग त्या वृत्तकक्षापर्यंत पोहोचत नाही. केंद्रांचे मालक म्हणतात की या उत्पन्नाशिवाय स्थानिक बातम्या बंद पडतील, आणि जाहिराती इंटरनेटकडे गेल्यानंतरच्या काळात त्यात तथ्य आहे. परंतु किती रक्कम बातम्यांवर खर्च व्हावी याचे कोणतेही बंधन संमतीच्या हक्काबरोबर घातलेले नाही.

करार संपला आणि नवा झाला नाही की पडदा काळा होतो. अशा वेळी केबल कंपनीनेच केंद्र बंद केले, असा ग्राहकाचा समज होतो आणि केंद्रही पट्टी फिरवून तसेच सांगते; प्रत्यक्षात संमती संपल्यानंतर ते दाखवत राहणे कायद्याने केबलला शक्यच नसते. करार नेमके कधी संपवायचे हाही डावाचा भाग असतो. मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्क परिसरात केबलव्हिजन कंपनीवरून एबीसीचे केंद्र ऑस्करच्या दिवशीच गेले आणि सोहळा सुरू झाल्यावर काही मिनिटांनी परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीवरून फॉक्स दोन आठवडे गेले आणि सुमारे ३० लाख घरांना बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यांना मुकावे लागले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये टाइम वॉर्नर केबलवरून सीबीएस न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि डॅलसमध्ये महिनाभर नव्हते. एफसीसी यात किंमत ठरवत नाही. दोन्ही बाजूंनी ‘सद्‌भावनेने’ वाटाघाटी कराव्यात एवढेच ती पाहते, आणि जास्त किंमत मागणे हा सद्‌भावनेचा भंग मानला जात नाही. या काळात ग्राहक पूर्ण बिल भरत राहतो, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याच्यासाठी खुर्ची नसते. संपूर्ण व्यवस्थेतील हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

डिशवरून स्थानिक केंद्रे दाखवण्यातली अडचण मुळात तांत्रिक होती. डायरेक्ट टीव्ही या डिश कंपनीने १९९४ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिच्या उपग्रहाचा झोत संपूर्ण देशावर पडत असे. म्हणजे ग्लेनडाइव्हचे केंद्र दाखवायचे तर त्याची वारंवारिता न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत सर्वत्र अडून राहणार. हजाराहून अधिक केंद्रांना पुरेल एवढी जागा कोणत्याच उपग्रहावर नव्हती. कायदाही प्रतिकूल होता. छतावरच्या अँटेनानेही ज्यांना सिग्नल मिळत नाही अशाच घरांना डिशवरून दूरच्या शहराचे केंद्र दाखवण्याची मुभा होती, पण डिशवाल्यांनी ती कितीतरी अपात्र घरांना दिली, प्रकरण न्यायालयात गेले आणि लाखो लोकांचे नेटवर्क कार्यक्रम बंद होण्याची वेळ आली. लोकांनी आपापल्या खासदारांकडे तक्रारींचा भडिमार केला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये नवा कायदा झाला: डिश कंपनीला स्थानिक केंद्र त्याच बाजारात दाखवता येईल, त्यासाठी कॉपीराइटचे शुल्क नाही. मात्र जानेवारी २००२ पासून अट अशी की एखाद्या बाजारातील एक केंद्र या परवान्याखाली घेतले तर मागणी करणारी त्या बाजारातील सर्व पात्र केंद्रे घ्यावी लागतील. फक्त चार मोठी केंद्रे उचलून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही.

ही अट पाळणे शक्य झाले ते अरुंद झोतांच्या उपग्रहांमुळे. अशा उपग्रहावरून एकेका प्रदेशावर वेगळा झोत पाडता येतो, त्यामुळे बॉस्टनच्या झोतातील वारंवारिता दूरच्या ह्यूस्टनमध्ये पुन्हा वापरता येते. एखाद्या केंद्राचा प्रवास असा होतो: त्या शहरात डिश कंपनीने बसवलेल्या यंत्रणेत केंद्राचा सिग्नल अँटेनाने किंवा थेट फायबरवरून घेतला जातो, दाबून लहान केला जातो, फायबरने शेकडो मैलांवरील अपलिंक केंद्राकडे धाडला जातो, तेथून उपग्रहाकडे जातो आणि उपग्रहावरून नेमक्या त्याच प्रदेशावर परत उतरतो. घरातील सेट-टॉप बॉक्स ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरलेल्या बाजाराचीच केंद्रे उघडतो. मोटारघर घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला देशव्यापी वाहिन्या वाटेत दिसत राहतात, पण घरची स्थानिक केंद्रे झोताची हद्द ओलांडताच नाहीशी होतात, त्याचे कारण हेच. डिश नेटवर्क या दुसऱ्या डिश कंपनीने सर्व २१० बाजारांत स्थानिक केंद्रे २०१० मध्ये पोहोचवली. न्यायालयाने काढून घेतलेला दूरच्या केंद्रांचा परवाना परत मिळवण्यासाठी कायद्याने तिला घातलेली ती अट होती.

या सगळ्या पैशांतून सुटण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न भोपाळमध्ये जन्मलेले चैतन्य कनोजिया यांच्या एरिओ या कंपनीने केला. तिने २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्राहकांसाठी नाण्याएवढे हजारो अँटेने एका इमारतीत बसवले आणि प्रत्येक ग्राहकाला त्याचा स्वतःचा अँटेना इंटरनेटवरून भाड्याने दिला. आम्ही प्रसारण करत नाही, फक्त अँटेना दूर ठेवतो, असा त्यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला आणि कंपनी बंद पडली. आजच्या यूट्यूब टीव्हीसारख्या इंटरनेटवरील सेवांना सक्ती आणि संमतीचे हे नियम लागू नाहीत. त्यांचे करार बहुतेक वेळा थेट जाळ्यांशी होतात, त्यामुळे एखाद्या छोट्या केंद्राला त्यांच्या यादीत जागा मागण्याचा कायदेशीर हक्क उरत नाही, आणि पडदा काळा होण्याचे प्रकार तिथेही सुटलेले नाहीत. २०२५ च्या शरद ऋतूत यूट्यूब टीव्हीवरून डिस्नेच्या मालकीच्या वाहिन्या आणि एबीसीची केंद्रे दोन आठवडे गायब होती.

आपल्याकडे सक्ती आहे, संमतीची किंमत नाही. १९९५ च्या केबल कायद्याच्या आठव्या कलमाखाली केंद्र सरकार अधिसूचित करील त्या दूरदर्शनच्या वाहिन्या केबलचालकाला दाखवाव्याच लागतात, आणि त्याबद्दल दूरदर्शन त्याच्याकडून काही घेत नाही. सह्याद्री वाहिनी केबलवर न मागता मिळते ती यामुळेच. परंतु सिग्नलवरचा आणि कार्यक्रमावरचा हक्क वेगळा असतो, हे आपल्याकडील क्रिकेटप्रेमींनाही २०१७ मध्ये समजले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांसाठी आणि फ्री डिशसाठी आहे, खासगी केबल आणि डीटीएचवर सक्तीने जाणाऱ्या वाहिनीसाठी नाही. म्हणून भारताचा सामना असताना फ्री डिशच्या घरात दूरदर्शनवर चेंडू दिसतो आणि शेजारच्या केबलच्या घरात त्याच वाहिनीवर सूचना दिसते.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाने वाढत्या रकमेला कंटाळून काही करायचे ठरवले तर एक मार्ग कायद्याने मोकळा आहे. १९९६ च्या एफसीसी नियमानुसार घरमालक किंवा सोसायटी तुमच्या ताब्यातील गच्चीत अथवा बाल्कनीत टीव्हीचा अँटेना लावायला सहसा मनाई करू शकत नाही. एफसीसीच्या संकेतस्थळावरील नकाशात पत्ता घातला की कोणत्या केंद्राचा सिग्नल तेथे किती जोराने येतो आणि मनोरा कोणत्या दिशेला आहे हे कळते. शहराजवळ राहत असाल तर खिडकीतला साधा अँटेनाही पुरतो, डोंगरापलीकडे असाल तर छतावरचा लागतो. चॅनेल शोधण्याचा आदेश टीव्हीला एकदा दिला की मिळणारी सर्व केंद्रे यादीत येतात, आणि त्यांच्यापैकी एकाचाही करार कोणाशी संपला आहे का, याच्याशी तुमचा संबंध राहत नाही.